पाच की आठ

खंडेनवमीला आमच्या गावच्या घरी पाटावर हत्यारं मांडतात, त्यांत मधला मान बंदुकीच्या टोकाला बसवायच्या संगिनीचा. तिच्या एका बाजूला कोयता, विळे, खुरपी. दुसऱ्या बाजूला मोठ्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या काकूची, शिवणाची कात्री, चुलतभावाचे ट्रॅक्टरचे पान्हे आणि अलीकडं पुतण्याचा लॅपटॉप. मोठी आई सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावते, पण संगिनीपाशी आली की डोक्यावरचा पदर सारखा करते. आजेसासऱ्यांसमोर करावा तसा.

लहानपणी आम्हा मुलींना तिला हात लावायची परवानगी नव्हती. मुलांना होती. मुलांनी तिच्यानं नारळ सोलले, हुरड्याच्या आगटीतली कणसं उलथली, एकदा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं झाकण उचकटलं. टोकाकडचं बोटभर पातं आजही निळसर दिसतं ते त्या आगटीमुळं. वर्षभर असली हमाली करून एक दिवस ती देव व्हायची.

तिची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले. कूटच्या वेढ्यात अडकले. तुर्कांनी धरून नेलं. अडीच वर्षं कैदेत काढून १९१९ साली सातारा रोड स्टेशनावर उतरले आणि तिथून चालत घरी आले, कमरेला ही संगीन. आबा, म्हणजे माझे थोरले काका, 'कमरेला ही संगीन' म्हणताना स्वतःच्या कमरेवर हात ठेवतात. कैद्याच्या कमरेला अडीच वर्षं हत्यार कसं राहिलं, हे शंभर वर्षांत आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. घरच्या गोष्टी ऐकायच्या असतात, त्यांची उलटतपासणी घ्यायची नसते.

गेल्या नवरात्रात मात्र गंजाचे पापुद्रे बोटाला लागले आणि मी म्हटलं, हिला मी साफ करते. कुणी अडवलं नाही. पन्नाशी उलटली की बाईला घरात बरंच काही माफ होतं.

चुलतभाऊ पॉलिश पेपर आणि ग्राइंडर घेऊनच आला. त्याला पिटाळलं. जुन्या लोखंडाला पॉलिश पेपर लावणं म्हणजे जुन्या खरेदीखतावर खोडरबर फिरवणं. शिवणयंत्राचं पातळ तेल, फाटक्या धोतराचा तुकडा आणि दात कोरायची लाकडी काडी, एवढ्यावर दोन दुपारी घालवल्या. मुठीजवळ वीतभराच्याही आत एक जागा असते, तिथं पात्याला धार नसते, नुसतं सपाट लोखंड. तिथं तेल-कुंकवाचा थर इतका जुना होता की चिंचेच्या सालीसारखा तुकड्यातुकड्यानं निघाला. पहिल्यांदा दिसला मुकुट. त्याखाली दोन इंग्रजी अक्षरं, जी आणि आर, म्हणजे राजा जॉर्ज. त्याखाली १९०७.

"एकोणीसशे सातची!" चुलतभाऊ ओरडला. त्यानं तिथल्या तिथं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. पुढं कितीतरी दिवस तिकडं हात जोडलेले पंजे येत होते.

इथंच बहुतेक जण फसतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी लोखंड विकायला बसणारेही फसतात, किंवा फसल्यासारखं दाखवतात. १९०७ हे पात्याचं जन्मसाल नाही. ते नमुन्याचं साल. म्हणजे या आकाराची, या मापाची संगीन ब्रिटिश सैन्यानं १९०७ साली ठरवली, आणि पुढं पहिलं महायुद्ध संपेपर्यंत जी काही लाखो पाती घडली त्या प्रत्येकावर १९०७ हाच आकडा पडला. साडीवर 'पैठणी' लिहिलं म्हणून ती पैठणात विणली असं होत नाही, तसंच काहीसं.

हा नमुना ठरला त्यामागचं कारण मला फार आवडतं. इंग्रजांनी शतकाच्या सुरुवातीला आपली ली-एन्फील्ड रायफल आखूड केली, पायदळाला आणि घोडदळाला एकच चालावी म्हणून. मग त्यांना भीती वाटू लागली की समोरच्याची रायफल लांब, त्यावरची संगीन लांब, आपला शिपाई हातभर मागं पडणार. आधीचं १२ इंची पातं त्यांनी बाजूला ठेवलं आणि जपान्यांच्या अरिसाका रायफलीची लांब संगीन समोर ठेवून १७ इंची पातं केलं. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका घरात नवरात्रात पुजली जाणारी ही वस्तू आकारानं मूळची जपानी. मुठीसकट हातभराहून जास्त लांब, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पात्यावर दोन्ही अंगांनी लांब पन्हळ आहे. आबा सांगतात ती रक्त वाहून जायला. सगळीकडचे आबा असंच सांगतात. पन्हळीनं पातं हलकं होतं आणि कडकपणा राहतो, त्यापलीकडं तिच्यात काही नाही. तुळईचं लोखंड भरीव का नसतं, तेच कारण.

खरं तर मला त्या पन्हळीचं काही पडलेलं नव्हतं. माझी नजर १९०७च्या खालच्या ओळीवर होती. तिथं बारीक ठशात महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ते मात्र पातं घडल्याचं खरं साल. आमच्या पात्यावर आधी एक होता, म्हणजे जानेवारी. मग जरा जागा सोडून स्वल्पविरामासारखी खूण, पुन्हा एक, आणि त्यानंतर गंजानं खाल्लेला एक आकडा. तो पाच होता किंवा आठ होता. इंग्रजी पाच आणि इंग्रजी आठ. गंज लागला की ही जुळी भावंडं होतात. त्याखाली कारखानदाराचं नाव, सँडरसन. इंग्लंडमधल्या शेफील्डचा हा पोलादवाला. त्यानं या नमुन्याची १५ लाखांहून जास्त पाती केली. त्याच्याहून जास्त केली ती विल्किन्सननं, ज्याच्या नावाची दाढीची पाती पुढं जगभर गेली.

जानेवारी १९१५ किंवा जानेवारी १९१८. एका आकड्यात आमची सगळी गोष्ट अडकली.

कूट अल अमारा हे तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला इंग्रजांची आगेकूच थोपली आणि फौज मागं फिरून कूटमध्ये शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पक्का झाला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. दाणा संपत आला तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, आणि हिरड्या सुजून, पाय सुजून माणसं आडवी झाली. २९ एप्रिल १९१६ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. तिथून वाळवंटातून पायपीट, आणि हिंदी कैद्यांपैकी बऱ्याच जणांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं.

पणजोबांनी यातलं काहीच कुणाला सांगितलं नाही. आबांना ते आठवतात ते मळणीच्या वेळचे. सगळे उठून गेले तरी म्हातारा खळ्यावर बसून राहायचा आणि मातीत पडलेला जोंधळ्याचा दाणा अन् दाणा दोन बोटांनी वेचून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. पोरं हसायची. आबाही हसायचे, असं ते स्वतःच सांगतात.

तर पाच निघाला असता म्हणजे हे पातं १९१५च्या सुरुवातीला शेफील्डहून निघून वर्षअखेर कूटला पोहोचणं शक्य होतं. मला पाच हवा होता. हे आधीच कबूल करते, कारण ज्याला जे हवं असतं तेच गंजात दिसतं.

पुण्यात माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ आहेत. नोकरी बँकेत केली, पण जीव सगळा अशा लोखंडात. संगीन घेऊन या, असं ते म्हणाले नाहीत, उलट आणू नका म्हणाले. शस्त्र नियमांच्या २०१६च्या यादीत बंदुकीव्यतिरिक्तची जी हत्यारं दिली आहेत, त्यांत तलवार, खंजीर, भाला यांच्या पंक्तीला संगीनही नावानिशी आहे. एसटीच्या रॅकवर पिशवीत घालून आणायची ही वस्तू नाही. मग मी गावीच बसून ठसे उतरवले. पतंगाचा पातळ कागद पात्यावर ताणून धरायचा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी घासायची. आपण शाळेत नाण्याचे छाप काढायचो तसं. दोन्ही बाजूंचे, आडव्या पट्टीचे, मुठीच्या बोंडाचे असे बारा-तेरा कागद झाले. ते आणि मोबाईलमधले फोटो घेऊन मी त्यांच्याकडं गेले.

त्यांनी तारखेकडं बघितलंसुद्धा नाही. आधी आडवी पट्टी बघितली. सुरुवातीच्या पात्यांना तिथं खाली वळलेला हूक असायचा, शत्रूचं पातं अडकवायला. १९१३ साली तो बंद केला. आमच्या संगिनीला हूक नाही. म्हणजे १९१३नंतरची, किंवा आधीची असून पुढं कापून टाकलेला. मग बोंडातलं भोक बघितलं. बोंडाच्या खाचेत चिखल साचून संगीन रायफलीवर बसेनाशी व्हायची, म्हणून १९१६पासून तिथं आरपार भोक पाडायला लागले. आमच्याकडं भोक आहे. माझा चेहरा पडलेला बघून ते म्हणाले, "थांबा, जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की त्यांनाही भोकं पाडायचे. भोक म्हणजे पुरावा नव्हे. नुसता संशय."

दुसऱ्या अंगाच्या छापावर ते जास्त रमले. मी ज्याला फुली समजून सोडून दिलं होतं ती खरोखरच फुली होती, पण तिला अर्थ होता. पातं वाकवून बघितलं, सुटल्यावर सरळ झालं, पास. शेजारी इवले इवले मुकुट, प्रत्येकाखाली आकडा आणि अक्षर, ही तपासनिसांची सही. एका माणसानं आयुष्यभर तो एकच ठसा हातोडीनं हाणलेला असायचा. मग रुंद फाळाचा बाण. ती सरकारी मालाची खूण. त्या बाणाखाली उभी रेघ, इंग्रजी आय, म्हणजे माल हिंदुस्थान सरकारचा. ती रेघ बघून ते खूष झाले. "ही आपल्याकडं नांदलेली आहे," म्हणाले. नांदलेली हा त्यांचाच शब्द.

खऱ्या-खोट्याची एक खूणही त्यांनी दाखवली. पोलादात ठसा हाणला की कडेचं लोखंड किंचित वर उचललं जातं. बोट फिरवलं तर कळतं, कागदावरच्या छापात तर स्पष्टच दिसतं. ओतीव नकलेत मुकुट साबणावरच्या अक्षरांसारखा गुळगुळीत येतो. असल्या नकलांना 'गढीवरची', 'सरदार घराण्यातली' अशा जाती लावून विकतात. एकदा तर अशीच एक ब्रिटिश संगीन मूठ बदलून शिवकालीन म्हणून त्यांच्यासमोर आली होती. मुकुट घासून टाकला होता, पण फुली तशीच राहिली होती.

मग गप्पा भरकटल्या. दुसऱ्या महायुद्धात लाहोरकडं नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यातही संगिनी घडल्या आणि त्यांवर रेल्वेची आद्याक्षरं आहेत. ऑस्ट्रेलियात तर मुठीची लाकडं टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्या स्लॅझेंजरनं पुरवली आणि लाकडावर आपल्या नावाची पहिली अक्षरं उमटवली. मी ऐकत होते, पण माझं सगळं लक्ष त्या एका कागदावर. शेवटी न राहवून तो पुढं सरकवला.

त्यांनी खिडकी लावून घेतली, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून धरला आणि माझ्या मोबाईलमधला फोटो मोठा केला. "तुम्ही उजेड समोरून टाकलाय. गंजलेला आकडा समोरून वाचायचा नसतो, बाजूनं वाचायचा. पाचाला वरच्या अंगाला उजवीकडं भिंत नसते. आठाला असते. उजवीकडनं टॉर्च मारा, भिंत असेल तर तिची सावली पडेल. नसेल तर नाही."

त्या रात्री चुलतभावाला फोन केला. त्यानं वाड्यातला दिवा मालवून, टॉर्च पात्याला टेकवून, एका दमात वीस फोटो पाठवले. सतराव्यात सावली होती. केसाएवढी, पण होती.

आठ. जानेवारी १९१८.

जानेवारी १९१८मध्ये पणजोबा कैदेत होते. हे पातं शेफील्डच्या भट्टीतून निघालं तेव्हा कूट पडून पावणेदोन वर्षं झाली होती. त्यांनी ती वेढ्यात चालवणं सोडाच, ते सुटेपर्यंत ती त्यांच्या नजरेलाही पडली नसणार. शिवाय एक बारीक ठसा मी आधी धरलाच नव्हता. पुन्हा वापरात काढल्याचं साल म्हणून ठोकलेला २४. म्हणजे १९२४ साली ही कुठल्यातरी कोठारात सरकारी हिशेबात उभी होती. पणजोबा तर १९१९ला घरी.

आबांना सांगायला मी दिवाळीपर्यंत थांबले. त्यांनी ऐकून घेतलं, पान लावलं, खाल्लं. मग म्हणाले, "आठ कशावरनं? तुझ्या त्या टार्चवरनं?"

त्यांची बाजू घ्यायला शेजारचे मेजर आले. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो. हे निवृत्त नायब सुभेदार. पण मेजरांनी घोळ वाढवला. "आबा, पाच असूंद्या न्हाईतर आठ. हत्यार जमा केल्याबिगर फौज सोडती व्हय कुणाला? माझं एक पाण्याचं भांडं कमी भरलं तर पगारातनं कापलं हुतं." मग त्यांनी संगीन हातात घेतली, मुठीचं बटण दाबून बघितलं, बोंडावर वाकडातिकडा ठोकलेला ३७२ वाचला. "हा नंबर कोताचा, म्हंजी पलटणीत हत्यारं ठेवायच्या खोलीचा. तीनशे बहात्तर नंबरची रायफल, तीनशे बहात्तर नंबरची संगीन. कोतात मोजून ठेवायची, मोजून काढायची."

"म्हणजे ही आली कशी घरात?" चुलतभावानं विचारलं.

"लिलावात निघाली आसंल. बाजारात मिळाली आसंल." मेजर जरा थांबले. "न्हाईतर आणली आसंल कुणीतरी."

'आणली' या शब्दावर ओसरीवर जी शांतता पसरली तिच्यात चुलतभाऊ हळूच म्हणाला, "म्हंजी आपुन चोरीच्या मालाची पूजा करतोय का काय?" मोठी आई आतून हसली. आबा हसले नाहीत.

मेजर गेल्यावर बऱ्याच वेळानं आबांनी आपण होऊन विषय काढला. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता. तोही पलटणीत, पण नंतरचा, वजिरीस्तानकडं गेलेला. परत आल्यावर दोघा भावांत वाटणीवरून तंटा झाला. विहिरीकडचा तुकडा कुणाचा, एवढाच. धाकटा रागानं मुंबईला गिरणीत निघून गेला आणि गावाकडं पुन्हा फिरकला नाही. त्याचं नाव? आबांना आठवत नव्हतं. किंवा माहीतच नव्हतं, कारण घरात ते घ्यायचे नाहीत.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या पणजोबांना भाऊ होता! विहिरीकडच्या तुकड्यात आज आबांचा ऊस आहे.

म्हणून संगीन त्या धाकट्याची, असं मी म्हणत नाही. १९२४चा ठसा आणि वजिरीस्तान जुळतात, पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मी भोकापाशीच शिकले होते. फारसीत संग म्हणजे दगड, त्यावरून संगीन म्हणजे दगडासारखं भक्कम. आपण संगीन बांधकाम म्हणतो ते याच अर्थानं. ठशांची साक्ष तशीच भक्कम आहे. कुठल्या गावात घडली, कुठल्या महिन्यात, वाकवल्यावर सरळ झाली का, कुणाच्या खजिन्यातून पैसे गेले, सगळं. फक्त ती कुणाच्या हातात होती, ते नाही.

हेच पुण्याच्या गृहस्थांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. जिना उतरताना ते म्हणाले होते, "संगिनीवर नाव शोधू नका. शिपायाचं नाव संगिनीवर नसतं. नाव पाहिजे तर पदक बघा. वॉर मेडल चांदीचं असतं, रुपयाहून जरा मोठं, आणि त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं कोरलेलं असतं. साध्या शिपायाचंसुद्धा."

आबांना हे विचारलं तर त्यांनी मोठ्या आईकडं बघितलं. मोठी आई चुलीपुढून म्हणाली, "कुठला? घोड्यावरचा उघडा बाप्या?"

तोच. ब्रिटिश वॉर मेडलच्या एका अंगाला पंचम जॉर्जचा मुखडा आणि दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष असतो. माझ्या आजीला तो घरात टांगायची लाज वाटायची म्हणे. तो ट्रंकेत, चोळीच्या खणात गुंडाळलेला असायचा. दुसरा एक पिवळा बिल्ला होता, पंखवाल्या बाईचा. तो पोरांनी खेळून हरवला.

"आणि चांदीचा?"

"त्याची माझी जोडवी केली की. लग्नात. आत्याबाई म्हणाल्या, एवढी चांदी नुसती पडून हाय, नव्या सुनंच्या पायात तरी दिसू दे."

त्यांचं लग्न १९७१चं. आत्याबाई म्हणजे माझी आजी, मोठ्या आईची सासू. सोनारानं बिल्ला तोलून घेतला, मुशीत टाकला, वरची मजुरी घेतली आणि दोन जोडवी, दोन मासोळ्या करून दिल्या. घरात एकच वस्तू उरली होती जिच्या कडेवर त्या माणसाचं नाव, नंबर आणि पलटण लिहिलेली होती, ती आम्ही वितळवली. जिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं तिला पाटावर बसवून झेंडू वाहिला.

आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. सातारा, रत्नागिरी, कुठंही गेलात तरी अशी पाटी दिसेल. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, तिथंही गोऱ्यांची नावं भिंतीवर आली आणि हिंदी साध्या शिपायांचे पलटणीगणिक आकडे आले. पणजोबा जिवंत परत आले म्हणून त्या भिंतीवर नाहीत. चावडीच्या पाटीवर ते वरच्या आकड्यात आहेत, एक म्हणून. बोंडावरचा ३७२सुद्धा तसाच. कोतात त्या नंबराचं कुणी होतं, एवढंच.

यंदाच्या खंडेनवमीला मी आदल्या दिवशीच गेले. संगिनीला तेलाचा हात दिला. मोठ्या आईला म्हटलं, कुंकू ठशावर नको, वर पन्हळीत लाव. तिनं ऐकलं, पण हळद सवयीनं मुकुटावरच लागली. आबांनी आरतीनंतर नातवंडांना गोष्ट सांगितली. तीच, सातारा रोड स्टेशनापासून. 'कमरेला' या शब्दाशी त्यांचा हात उठला, माझ्याकडं बघून अर्ध्यावर थांबला, आणि मग कमरेवर गेलाच.

मोठी आई पाटापुढं पाय मुडपून बसली होती. जोडवी झिजून तारेसारखी झाली आहेत. मी हळदकुंकवाचं ताट उचलण्याच्या निमित्तानं वाकले, पर्समधलं भिंग काढलं आणि टॉर्च उजवीकडनं धरला.

"काय गं बाई," मोठी आई पाय आखडून घेत म्हणाली, "माझ्या पायाला काय गंज लागलाय व्हय?"